बिनमिठाचा संसार

तावडेकाका जिन्याने वर यायचे तेव्हा आधी वास यायचा आणि मग काका. कधी पावभाजी, कधी कोपऱ्यावरच्या हॉटेलातली बिर्याणी, रविवारी सकाळी मेदूवडा आणि बोटाला लटकवलेली गाठ मारलेली सांबाराची पिशवी. दिंडोशीच्या या कॉलनीत मी लग्न होऊन आले, तेव्हा समोरच्या दाराची ओळख मला अशी नाकानेच झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात उंच, किंचित पोक आलेला, खिशाला दोन पेनं लावलेला माणूस. त्याने माझ्या हातात मंचुरियनचा डबा ठेवला.

"नवी नवरी ना गो तू? आज कुकर लावू नको. लग्न केलंस, स्वयंपाकाची नोकरी नाय धरलीस."

काका अंधेरीच्या एका औषधकंपनीत पॅकिंगला सुपरवायझर होते. कुठलाही डबा हातात आला की ते आधी अंगठ्याने त्याच्या झाकणाच्या चारही कडा दाबून बघत. दुसऱ्याच्या घरी गेले तरी तेच. बिल्डिंगमध्ये त्यांची यावरून चेष्टा व्हायची, आणि त्यांना ती आवडायचीही.

घरात रोज बाहेरचं जेवण आणण्यामागे त्यांचं एक तत्त्व होतं, आणि ते कोणालाही, न विचारता सांगायची त्यांची तयारी असे. त्यांच्या आईची लालबागला खाणावळ होती. गिरणीतली माणसं पाळीप्रमाणे जेवायला यायची, आणि आई पहाटेपासून रात्रीपर्यंत चुलीपुढे. "मी आईचा चेहरा कधी पुढून बघितलाच नाय," काका म्हणायचे. "पाठच आठवते. घामाने भिजलेली पाठ. तेव्हाच ठरवलं, माझ्या बायकोची पाठ अशी दिसता कामा नये."

ती बायको म्हणजे सुषमाकाकू. लहानखुऱ्या, हसताना तोंडावर हात घेणाऱ्या. त्याही विम्याच्या ऑफिसात नोकरीला होत्या. संध्याकाळी दमून यायच्या, आणि काका आणलेलं सगळं टेबलावर मांडून, डबे उघडून बसलेले असायचे. काकूंना आंबट, तिखट, खारट असं सगळं चढंच लागायचं. जेवून झाल्यावर त्या लोणच्याची फोड चोखत बसत. काका स्वतःचं जेवण संपवून नुसते त्यांच्याकडे बघत असत. त्यांची मुलगी प्रणाली मला एकदा म्हणाली होती, "आमच्याकडे देवघरात दिवा नसेल एखाद दिवस, पण पार्सल असतंच." ती लग्न करून मानखुर्दला गेल्यावर तर दोघंच उरली, आणि मग गॅस फक्त चहापुरता.

मला त्या घराचा हेवा वाटायचा. माझ्या ओळखीत दुसरा कोणी पुरुष नव्हता, ज्याला बायकोची पाठ दिसत होती.

काकूंचं डोकं दुखायचं. त्या केमिस्टकडून गोळी आणून घ्यायच्या आणि ऑफिसला जायच्या. मग पाय सुजायला लागले. "दिवसभर खुर्चीत बसते ना," त्या म्हणायच्या. एका सकाळी चेहराही सुजलेला दिसला, तेव्हा काका घाबरले. प्रणालीला यायला वेळ लागणार होता म्हणून रिपोर्टच्या दिवशी त्यांच्याबरोबर मी गेले. डॉक्टर तरुण होत्या, सावकाश बोलणाऱ्या. दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्या आहेत, डायलिसिस लगेच सुरू करावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. काकू मांडीवरच्या पर्सचा बंद नीट करत राहिल्या.

काकांनी विचारलं, "हे खाण्याने झालं का?"

"तसं नक्की नाही सांगता येणार," डॉक्टर म्हणाल्या. "ब्लडप्रेशर खूप वर्षं अंगावर काढलेलं दिसतंय. डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्यात. घराण्यातूनही येतं कधी कधी. त्यात इतकं मीठ पोटात जात असेल तर त्याचाही हात असणार."

एवढ्या सगळ्यातलं काकांनी शेवटचं वाक्य तेवढं उचललं आणि घरी आणलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी घर उपसलं. सॉसच्या बाटल्या, नूडल्सची पाकिटं, सूपच्या पुड्या, फरसाण, पापड सगळं कचऱ्याच्या काळ्या पिशवीत. काकू पलंगावरून बघत होत्या.

"अहो, ते लोणचं राहू द्या. माझ्या आईने दिलंय."

"आईने दिलं म्हणून त्यात मीठ नाय?"

बरणी पिशवीत गेली. काकूंनी भिंतीकडे तोंड केलं.

काकांनी नोकरी सोडली आणि ज्या स्वयंपाकघरात बायकोला उभं राहू द्यायचं नव्हतं, तिथे स्वतः उभे राहिले. त्यांना काही म्हणजे काही येत नव्हतं. पहिले काही दिवस ते दर थोड्या वेळाने माझ्याकडे यायचे. "बाय, फोडणी झाली हे कसं कळतं?" "भात उतू जातोय, झाकण काढू की गॅस बंद करू?" मी जाऊन बघायचे तर अख्खं घर धुराने भरलेलं आणि काका टॉवेलने वारा घालताहेत.

पण साधा स्वयंपाक शिकून भागणार नव्हतं. काकूंच्या जेवणात मीठ नाही, नारळ नाही, टोमॅटो नाही, केळं नाही, डाळ नावापुरती, पाणीसुद्धा मोजून. भाज्यांमधलं पोटॅशियम रक्तात साठलं तर थेट हृदय बंद पडतं, असं त्यांना आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं होतं. म्हणून प्रत्येक भाजी सोलायची, बारीक चिरायची, कोमट पाण्यात भिजत ठेवायची, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात उकडायची आणि तेही पाणी फेकायचं. सिंकपाशी उभे राहून काका हे तासन्‌तास करायचे. मी एकदा विचारलं, "एवढं केल्यावर बटाट्यात उरतं काय हो?"

"आकार," काका म्हणाले.

ते स्वतःही तेच खायचे. मीठ नसलेला कोबी, मीठ नसलेला भात, अंड्याचा नुसता पांढरा भाग. प्रणाली रविवारी यायची तेव्हा चिडायची, "बाबा, तुम्हाला काय झालंय? तुम्ही तरी नीट जेवा!" काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. त्यांचे शर्ट हळूहळू अंगावर लोंबायला लागले.

हळूहळू त्यांना सगळी बिल्डिंग शत्रू वाटायला लागली. कोणी वाढदिवसाचा केक आणून दिला की ते दारातूनच परत पाठवायचे. गेटवरच्या पाणीपुरीवाल्याशी भांडण झालं, कारण त्याच्या गाडीचा वास काकूंच्या खिडकीत जातो. तळमजल्यावरच्या एक बाई मायेने दोन शहाळी घेऊन आल्या. "हे तरी घेऊ द्या त्यांना. नैसर्गिक आहे, ताकद येईल." काकांनी त्यांच्यासमोर शहाळं फोडलं आणि पाणी तुळशीशेजारच्या कुंडीत ओतलं. "ताकद झाडाला येऊ दे," म्हणाले. त्या बाई पुन्हा कधी त्यांच्या मजल्यावर आल्या नाहीत. शहाळ्यात पोटॅशियम असतं, हे त्या बिचारीला कुठून कळणार, आणि ते समजावून सांगण्याइतका धीर काकांत उरला नव्हता.

काकू आठवड्यातून तीनदा हाताच्या शिरेत जाड सुया टोचून घ्यायच्या, परत आल्या की पिळून टाकल्यासारख्या पडून राहायच्या, आणि समोर आलेल्या ताटातले दोन घास खाऊन म्हणायच्या, "पोट भरलं."

एका शनिवारी दुपारी माझी बेल वाजली. दारात पाठीवर मोठी चौकोनी बॅग घेतलेला डिलिव्हरीवाला. "सुषमा तावडे?" मी काही बोलायच्या आत समोरचं दार किलकिलं झालं. काकू गाऊनमध्ये उभ्या होत्या, ओठांवर बोट. त्यांनी पत्ता माझा दिला होता. मी हसले. काकूही हसल्या, तोंडावर हात घेऊन, कितीतरी दिवसांनी. आणि तेवढ्यात हातात दुधी घेऊन काका जिना चढून वर आले.

त्यांनी डिलिव्हरीवाल्याच्या हातातल्या कागदी पिशवीकडे पाहिलं.

"काय आहे त्यात?"

"वडापाव," काकू म्हणाल्या.

मला वाटलं आता आरडाओरडा होणार. पण काका तिथेच वरच्या पायरीवर बसले. दुधी मांडीवर.

"पहिल्यांदाच मागवलंस?"

"हो."

"सुषमा."

"बरं. पहिल्यांदा नाही."

"मॅडम, ओटीपी?" डिलिव्हरीवाला हळूच म्हणाला. त्यालाही तिथून सुटायचं होतं. काकूंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, आकडे वाचून दाखवले, आणि वाचता वाचता रडायला लागल्या. तो पिशवी माझ्या हातात कोंबून भराभर खाली उतरला.

"मला भूक लागते हो," काकू म्हणाल्या. "तुम्ही मला जगवताय, पण मी जेवत नाहीये. तो पाणी पिऊन मेलेला कोबी गिळताना मला वाटतं, यापेक्षा एकदा पोटभर जेवून सुटावं."

"मग मी काय करू?" काकांचा आवाज एकदम फाटला. "सांग ना, काय करू मी? ते मशीन माझ्या हातात नाय. डॉक्टर माझ्या हातात नाय. तुझ्या अंगात काय चाललंय, ते माका दिसत नाय. एक ताट तेवढं माझ्या हातात आहे. तेपण तू काढून घेतलंस तर मी दिवसभर करू काय? बसून बघत राहू तुला?"

 वडापाव माझ्या ओट्यावर थंड झाला. तो टाकूनही देववेना आणि खाववेना.

 काही दिवसांनी एका सकाळी हायवेवरच्या मोठ्या दुकानातून ते जवळजवळ धावतच आले आणि माझ्या दारात उभे राहिले. हातात मिठाचं पाकीट. त्यावर लाल बदाम काढलेला, आणि ठळक अक्षरांत लिहिलेलं, कमी सोडियम. ब्लडप्रेशरवाल्यांसाठी उत्तम.

"मीठ आहे गो!" ते म्हणाले. "मीठ! आणि सोडियम कमी! अरे, हे आपल्याला आधी कोणी सांगितलं कसं नाय?"

त्या दिवशी त्यांनी बांगड्याचं तिखलं केलं. त्याला नारळ लागतच नाही, आणि आईच्या हातचं हे एकच त्यांना नीट आठवत होतं. कोकम कमी, तिखट बेताचं, आणि ते मीठ. मला वाटी आणून दिली. खरं सांगते, चांगलं झालं होतं. आत काकू जेवत होत्या. भात दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या. बोटं चाटताना त्यांचा आवाज आला आणि काका माझ्या दारात उभे असताना एकदम थांबले, कान देऊन, जसं कोणी लांबून येणारं गाणं ऐकतं.

तो आठवडा त्या घरात सण असल्यासारखा गेला. दुधीची भाजी, कोबीची भाजी, भाताबरोबर पातळ आमटी, आणि सगळ्याला चव. सोडियम कमी म्हणून मीठही सढळ. जिन्यात भेटेल त्याला काका सांगायचे, "जेवते हो ती आता." तळमजल्यावरच्या त्या बाईंनाही त्यांनी गेटवर थांबवून माफी मागितली. काकूंनी काकांना एकदा दाढी करायला लावली, त्यांच्याकडून स्वतःचे केस विंचरून घेतले, आणि दोघं गॅलरीत खुर्च्या टाकून बसली.

मग एका सकाळी काकू खुर्चीतून उठेनात, म्हणून काकांनी मला बोलावलं.

"पायात जोरच नाही," त्या म्हणाल्या. हसत होत्या. "बघ ना, पाय आहेत की नाहीत तेच कळत नाही." पुढच्या काही मिनिटांत त्यांचा आवाज खोल गेला आणि श्वास लागला. काका आणि वॉचमनने त्यांना खुर्चीसकट खाली नेलं. रिक्षात काकूंचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. काका पुढे ड्रायव्हरशेजारी अर्धे लटकत बसलेले, आणि सिग्नल आला की हाताने लोकांना बाजूला व्हा, बाजूला व्हा म्हणून सांगत होते.

हॉस्पिटलात छातीला वायरी लावल्या आणि एकदम धावपळ सुरू झाली. पोटॅशियम प्रचंड वाढलं होतं. त्याच तरुण डॉक्टर बाहेर आल्या.

"शहाळं दिलं? केळं? फळांचा रस?"

"छे हो!" काका म्हणाले. "भाजीचं पाणीसुद्धा दोनदा फेकतो मी."

"काहीतरी बदललंय. आठवा."

"काही नाय बदललं. उलट चांगलंच..." काका थांबले. "मीठ तेवढं बदललं. चांगलं घेतलं. सोडियम कमी असलेलं."

 डॉक्टरांनी काकांना बाकावर बसवलं आणि स्वतःही बसल्या. त्या मिठात सोडियम कमी करतात ते त्याच्या जागी पोटॅशियम घालून, असं त्यांनी सांगितलं. किडनी चांगली असेल त्याला ते चालतं. यांना नाही.

"मिठात?" काका म्हणाले. "पोटॅशियम मिठात?"

पोटॅशियम नारळात असतं, केळ्यात असतं, बटाट्यात असतं आणि मिठात असतं ते सोडियम, एवढा त्यांचा पाठ पक्का होता. डॉक्टर आत गेल्या. काका तिथेच बसून होते. बऱ्याच वेळाने ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी वाचलं होतं गो. पाठीमागचं सगळं वाचलं होतं. भिंगाने. पण मी सोडियम शोधत होतो."

काकू त्या वेळी वाचल्या. तातडीने डायलिसिस केलं, इंजेक्शनं दिली, आणि काही दिवसांनी त्या घरी आल्या. पण काका स्वयंपाकघरात जाईनात. मालाडच्या एक बाई किडनीच्या पेशंटसाठी डबा करून देत, तो सुरू केला. डबा आला की काका झाकणाच्या कडाही दाबायचे नाहीत. ताट वाढायलासुद्धा मला बोलवायचे. 

असं किती दिवस चाललं असेल. एकदा मी वाढत असताना काकूंनी ताट बाजूला सारलं.

"उद्यापासून डबा बंद," त्या काकांना म्हणाल्या. "तुम्ही करा."

"माका सांगू नको ते."

"मग मी उपाशी राहीन."

"सुषमा, माझ्याच्याने नाय होणार. मी हात लावीन त्याला..."

"तुमच्याच हातचं खाणार. बिनमिठाचं करा. धुऊन, उकडून, पाणी फेकून. तोच कोबी करा."

दुसऱ्या दिवशी काकांनी कोबी केला. ताट काकूंच्या पुढे ठेवलं आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी दारात होते. काकू एकेक घास घेत होत्या, चावत होत्या, गिळत होत्या. तो कोबी कसा लागतो, ते मला ठाऊक होतं. ताट रिकामं झालं.

"अहो," त्या म्हणाल्या, "वाढा ना अजून."

काका वळले. त्यांनी रिकाम्या ताटाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि चमचा हातात घेतला. वाढताना निम्मा कोबी बाहेर सांडला. काकूंनी तो बोटांनी गोळा करून ताटात घेतला.

त्या दिवसापासून काकूंनी कधी "पोट भरलं" म्हटलं नाही. रोज पुन्हा मागून घ्यायच्या. मोबाइलवरचं ते जेवण मागवायचं ॲपही त्यांनी माझ्याकडून काढून टाकून घेतलं. मला एकदा एकट्यात म्हणाल्या, "चव बिव काही लागत नाही गं. पण मी जेवले की ते झोपतात."

थंडीत एका सकाळी, डायलिसिस चालू असताना, मशीनला जोडलेल्या असतानाच काकूंचं हृदय थांबलं. आदल्या दिवशीचे रिपोर्ट चांगले होते. पोटॅशियम जेवढं हवं तेवढंच होतं. डॉक्टरांनी काकांचा हात धरून सांगितलं, "तुमचं काही चुकलं नाही. मागे झालं त्याचाही याच्याशी संबंध नाही. असं होतं कधी कधी."

"मग कशाने झालं?" काकांनी विचारलं.

 मला वाटतं, काकांना त्या दिवशी कोणी "तुमच्यामुळे" म्हटलं असतं तर त्यांना उभं राहायला काहीतरी मिळालं असतं.

प्रणाली त्यांना मानखुर्दला घेऊन गेली. समोरच्या दाराला कुलूप लागलं. मी फोन करायचे. प्रणाली म्हणायची, "बरे आहेत. काय वाढू ते खातात. सकाळी बाहेर पडतात, कुठे जातात सांगत नाहीत. संध्याकाळी येतात."

उन्हाळ्यात महिन्याचं सामान आणायला मी हायवेवरच्या त्या मोठ्या दुकानात गेले. साखर, रवा घेऊन पुढच्या रांगेत वळले आणि थबकले. काका तिथे उभे होते. मिठाच्या पाकिटांपुढे. अंगावर इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेनं. कानात हेडफोन घातलेल्या एका तरुणाला ते काहीतरी सांगत होते. तो मान हलवत, पाकीट उचलून, त्यांना वळसा घालून निघून गेला. मागून ट्रॉली ढकलत एक बाई आली.

"बाय, एक विचारू?" काका पुढे झाले. "घरात कोणाचं..."

"नको, नको," ती न थांबताच म्हणाली. तिला वाटलं, काहीतरी विकताहेत.

काका बाजूला सरकले, तिची ट्रॉली जाऊ दिली, आणि पुन्हा जागेवर येऊन उभे राहिले. शेल्फ लावणाऱ्या मुलीने माझ्याकडे बघून हळूच सांगितलं, "रोज येतात. कोणाला त्रास नाही देत. म्हणून आम्ही काही बोलत नाही."

मानखुर्दहून रोज. दोन गाड्या बदलून.

मी जवळ गेले.  त्यांनी माझी चाहूल लागताच वळून पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही. माझ्या हातातल्या बास्केटीकडे. आत काय काय आहे, ते त्यांनी घाईघाईने चाळल्यासारखं पाहिलं.

"घरात कोणाला किडनीचा त्रास नाय ना?"

"नाही, काका," मी म्हणाले.

"बरं आहे," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे, रांगेत नुकत्याच वळलेल्या दुसऱ्या कोणाकडे बघत पुढे गेले.